स्पॅनिश क्रियापदं: वर्ग बोलता होईल असे खेळ सुचवा

खडूवाली: तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना स्पॅनिश शिकवते. वर्ष पहिलंच. आब्लो, आब्लास, आब्ला (बोलतो, बोलतोस, तो बोलतो)… पाढे म्हणावेत तशी घडाघडा म्हणतात. पण 'तू काय खातोस?' असं स्पॅनिशमध्ये विचारलं की सगळे चिडीचूप. फाशाचा खेळ घेऊन पाहिला: एक पडला की 'यो' (मी), दोन पडले की 'तू', असे सहा आकडे आणि सहा रूपं. दोघं-तिघंच ओरडतात, बाकीचे खिडकीबाहेर बघतात. काय करू?

जुनी मास्तरीण: फासा ठेवा, फक्त सगळ्या वर्गासमोर नको. जोड्या पाडा, जोडीत एक फासा आणि एकच पेन. पेन ज्याच्या हातात, त्याने आपल्या कागदावर कोमेर (खाणे) चालवायचं: कोमो, कोमेस, कोमे… दुसरा सहा पडेपर्यंत फासा टाकत राहणार. सहा पडला की पेन हिसकावून स्वतःच्या कागदावर सुरू. सहाही रूपं आधी लिहील तो जिंकला. चूक सापडली तर खोडून पुन्हा. लाजरी मुलंही यात पेटतात, कारण चारचौघांत बोलायचं नसतं. दार मात्र लावून घ्या.

पण यातून हात बसेल, तोंड उघडणार नाही. तुमची खरी अडचण वेगळी आहे. प्रश्न येतो 'कोमेस' (खातोस) आणि उत्तर द्यायचं 'कोमो' (खातो). ही उडी तक्ता म्हणताना कधी मारावीच लागत नाही! त्यासाठी पत्ते. प्रत्येक चित्राचे दोन पत्ते करून वाटा आणि जोडीचा पत्ता विचारून मिळवायला लावा. '¿तिएनेस उन गातो?' 'सी, तेंगो उन गातो.' (तुझ्याकडे मांजर आहे का? हो, आहे.) मांजर खरंच हवं असतं, म्हणून विचारतात. तेनेर (जवळ असणे) अनियमित आहे हे आधी सांगत बसू नका, खेळता खेळता तोंडी बसतं.

भाषावेडा: मास्तरीणबाईंशी सहमत. मी बॅटलशिप खेळवतो, म्हणजे समोरच्याने चौकटींत लपवलेली जहाजं नेम धरून बुडवायची. आडवी क्रियापदं, उभे यो, तू, एल (तो). नेम धरायचा तर 'नोसोत्रोस बिबीमोस' (आम्ही राहतो) असं पूर्ण म्हणायचं. रूप चुकलं की पाळी गेली. आणि पुस्तक लॅटिन अमेरिकेचं असेल तर बोसोत्रोस (जवळच्यांसाठीचं 'तुम्ही सगळे') गाळा, तिथे सगळ्यांसाठी उस्तेदेसवरच भागतं. फाशावरचा तो आकडा 'हवं ते रूप' म्हणून ठेवा.

खडूवाली: आणि मूकाभिनय?

जुनी मास्तरीण: 'एस्ता कोमिएंदो' (तो खात आहे) शिकवाल तेव्हा घ्या, आत्ता नको. शेवटच्या तासाला पोरं पेंगत असतील तर 'सिमोन दिसे' ('सायमन म्हणतो', आज्ञा पाळायचा खेळ) घ्या: साल्ता (उडी मार), कोर्रे (पळ). नियमित क्रियापदांत 'तू'ची आज्ञा आणि 'एल'चं रूप एकच, म्हणजे नवीन पाठांतर नाही.

खडूवाली: सोमवारी पेनाचा खेळ घेते. पेनं टिकली तर कळवते.

भाषावेडा: पेन कशाला, जाडं स्केचपेन द्या. हिसकाहिसकीत टोक लागत नाही.