२० वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून ६ वॉटच? आधी केबल बघा

क्यूओ-१०० या हौशी रेडिओ उपग्रहाच्या २४०० मेगाहर्ट्झ अपलिंकला (उपग्रहाकडे जाणाऱ्या सिग्नलला) ६ वॉटच मिळतात म्हणून ट्रान्झिस्टर बदलायला निघाला आहात, थांबा. तुमची ड्राइव्ह, म्हणजे ट्रान्समीटरमधून अ‍ॅम्प्लिफायरला जाणारी पॉवर, ५ मीटर आरजी-५८ या बारीक केबलमधून जाते. या फ्रिक्वेन्सीला ही केबल मीटरमागे साधारण १ डीबी (डेसिबल) खाते, म्हणजे एकूण ५ डीबी, आणि पॉवर एक तृतीयांशाच्याही खाली येते. १ वॉट निघाला तरी अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी जेमतेम ०.३ वॉट पोहोचतो. त्याच प्रमाणात २० वॉटचे ६ होतात, हिशेब तिथेच जुळतो! चाचणीपुरता अ‍ॅम्प्लिफायर ट्रान्समीटरला खेटून लावा, आउटपुटला डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रोध) जोडा, पुन्हा मोजा. पूर्ण पॉवर आली तर एलएमआर-४०० ही जाड केबल घाला, तेवढ्याच लांबीला १ डीबीच्या आसपास जातो.

तरीही कमीच असेल तर कॅरियर (सलग सिग्नल) चालू ठेवून २८ व्होल्ट बोर्डाच्या टर्मिनलवर मोजा, सप्लायवर नको. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं. एसएमए कनेक्टरचा मधला पिन आत सरकलाय का, तेही भिंगातून पाहा. आउटपुट उघडं ठेवून मात्र कॅरियर देऊ नका, ट्रान्झिस्टर खरंच जाईल.