जुने ट्रक, डंपर आणि पोकलेन: चालवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्यांचे अनुभव

यांत्रिक डिझेल पंपाच्या, सेन्सर नसलेल्या जुन्या गाड्या आणि मशिनांसाठी हा धागा. ‘ऑइल वेळेवर बदला’ सगळ्यांनाच माहीत आहे. त्यापुढचं लिहा: कुठला भाग, कशाने बिघडतो, आधी कसं कळतं. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा.

एअरटाकी

ब्रेकपासून सुरुवात करू. एअर ब्रेकमध्ये ब्रेक लावते ती टाकीतली हवा, पाय फक्त व्हॉल्व्ह उघडतो. म्हणून पेडल कसं लागतंय यावरून ब्रेकची खरी अवस्था कळत नाही. लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारं अस्तर) झिजत गेले की चेंबरचा (हवेच्या जोराने ब्रेक लावणाऱ्या डब्याचा) पुशरॉड, म्हणजे दांडा, जास्त जास्त बाहेर येतो, आणि स्ट्रोकच्या (दांड्याच्या चालीच्या) शेवटी त्याचा जोर झपाट्याने पडतो. सपाटीवर गाडी व्यवस्थित थांबते. घाटात ड्रम तापून फुगतो, उरलासुरला स्ट्रोकही त्यात जातो. ‘उतारावर ब्रेक अचानक गेला’ असं सांगतात तेव्हा तो पुष्कळदा कित्येक दिवस जात आलेला असतो.

हाताने सेट करायचा स्लॅक अ‍ॅडजस्टर (पुशरॉड आणि ब्रेकच्या कॅममधला, झीज भरून काढणारा आर्म) असेल तर: गाडी सपाटीवर, चाकांना दोन्हीकडून गुटके, टाकी पूर्ण भरलेली, इंजिन बंद, पार्किंग ब्रेक सोडलेला. हे शेवटचं विसरलं तर मागचा स्प्रिंग ब्रेक (हवा नसताना स्प्रिंगच्या जोराने लागणारा) लागलेलाच राहतो आणि सेटिंग चुकतं. लॉकिंग कॉलर पान्याने आत दाबून बोल्ट फिरवा, लायनर ड्रमला टेकला की पाव ते अर्धा फेरा मागे घ्या. फिरवताना एस-कॅमकडे (लायनर ड्रमवर दाबणाऱ्या S आकाराच्या कॅमकडे) लक्ष ठेवा. ब्रेक लावताना तो ज्या दिशेने वळतो त्याच दिशेने वळला पाहिजे, उलटा वळत असेल तर ब्रेक सैल होतोय. ३० नंबरच्या साध्या चेंबरला पूर्ण ब्रेक दाबून पुशरॉड २ इंच बाहेर येत असेल तर मर्यादा गाठली समजा.

ऑटोमॅटिक अ‍ॅडजस्टर पुन्हा पुन्हा हाताने आवळू नका. तो मागे पडतोय म्हणजे कॅमचं बुश, क्लेव्हिस पिन (पुशरॉड अ‍ॅडजस्टरला जोडणारी) किंवा अ‍ॅडजस्टर स्वतःच गेलाय.

टाकीचं पाणी रोज काढा. पाण्यासोबत काळपट तेल येत असेल तर कॉम्प्रेसर ऑइल फेकतोय, आणि ते तेल पुढे व्हॉल्व्हची रबरं फुगवतं. स्प्रिंग ब्रेक चेंबरचा क्लॅम्प कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आतली स्प्रिंग माणूस मारू शकते. गाडी ओढून न्यायची असेल तर केजिंग बोल्टने स्प्रिंग बांधून घ्या.

डबलक्लच

वरच्याला जोडून: उताराचा गिअर उतार सुरू होण्याआधी पडला पाहिजे. सिंक्रो (गिअरचे फेरे आपोआप जुळवणारी रचना) नसलेल्या किंवा झिजलेल्या गिअरबॉक्सला अर्ध्या उतारावर खालचा गिअर पडेलच असं नाही, आणि न पडला तर गाडी न्यूट्रलमध्ये. गिअर उतरवताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच, गिअर. चढवताना मधे रेस द्यायची नाही, फेरे उतरू द्यायचे. दात करकरले तर जोर लावू नका, फेरे जुळलेले नाहीत एवढाच त्याचा अर्थ.

नोझल

डिझेल संपलं किंवा फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा धरते. क्रम टाकीकडून इंजिनाकडे: फिल्टरचा ब्लीड स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबून सलग धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. मग डिझेल पंपाचा स्क्रू, तसंच. तरी उचलत नसेल तर नोझलकडच्या दोन-तीन पाइपांचे नट एकेक फेरा सैल करून सेल्फ मारा, डिझेल उसळू लागलं की आवळा. सेल्फ एका वेळी १५ ते २० सेकंदांपेक्षा जास्त नको, मधे दोन मिनिटं गार होऊ द्या.

रात्रभर उभी राहिली की दर सकाळी हवा धरते, तर गळती टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) या भागात शोधा. तिथे दाब नसतो, ओढ असते. म्हणून बाहेर डिझेल दिसत नाही, आत हवा शिरते. बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर आधी बदला.

लोडवर काळा धूर असेल तर पंपाला हात लावण्याआधी एअर फिल्टर आणि टर्बोचे होस पाहा. पंप उघडायची सगळ्यांना घाई असते.

चेनप्लेट

पोकलेनची चेन. घट्ट चेन ‘बरी दिसते’ म्हणून लोक आवळून ठेवतात आणि पिन-बुश, स्प्रॉकेट (चेन ओढणारं दात्यांचं चाक), आयडलर (दुसऱ्या टोकाचं बिनदात्याचं चाक) सगळं एकदम झिजवतात. चिखल स्प्रॉकेटमध्ये दाबून बसला की चेन आपोआप ताणली जाते, त्यामुळे ओल्या जागी थोडी सैलच हवी. खडकावर मॅन्युअलच्या मापात.

सैल करायला चेन अ‍ॅडजस्टरचा (ग्रीसच्या दाबाने चेन ताणणाऱ्या भागाचा) ग्रीस व्हॉल्व्ह हळूहळू, फार तर एक फेरा उघडायचा. तोंड, हात त्याच्या समोर नको. ग्रीस येत नसेल तर अजून उघडू नका, मशीन थोडं पुढे-मागे हलवा. जास्त उघडला तर आतल्या दाबाने व्हॉल्व्ह गोळीसारखा सुटतो.

लांब चालवताना स्प्रॉकेट मागे ठेवा. उलटं चालवलं तर चेनचा वरचा भागही ताणाखाली येतो आणि बुश लवकर जातात. स्प्रॉकेटचे दात हुकासारखे वळले असतील तर त्यावर नवी चेन चढवणं म्हणजे ती चेनही फुकट घालवणं.

होसपाइप

पोकलेनचं हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारं काम) मंद पडलं तर आधी एक बघा, कधी मंद पडतं? गार असताना चपळ आणि तेल तापल्यावर सुस्त असेल तर पंप किंवा मोटर झिजलीय, पातळ झालेलं तेल आतल्या आत निसटतंय. उलट, सकाळी रडतं आणि तापल्यावर सुधारतं, तर सक्शनचा (पंप तेल ओढतो त्या बाजूचा) स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, तुंबलाय किंवा तेल जास्त जाड आहे. तेलाला फेस म्हणजे सक्शनकडून हवा, दुधाळ म्हणजे पाणी.

बारीक गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा फिरवून बघा. सुईसारखी धार कातडीत शिरली तर जखम टिंबाएवढी दिसते, दुखतही नाही फारसं. तरी तडक हॉस्पिटल गाठायचं आणि तेल आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं, कारण शस्त्रक्रिया लागते.

आणि रिलीफ व्हॉल्व्ह (तेलाचा दाब मर्यादेत ठेवणारा) आवळून ‘ताकद वाढवणारे’ भेटतील. दाब मोजायचं गेज लावल्याशिवाय त्याला पाना लावू देऊ नका.

दोन बॅटऱ्या

२४ व्होल्टच्या गाडीत टेप किंवा दिव्यासाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका. ती कायम अर्धी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. बदलायच्या तर दोन्ही एकदम, एकाच क्षमतेच्या. सेल्फ जड फिरतो पण बॅटऱ्या चांगल्या आहेत, तर सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मीटर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं घासा.