फायनल इयर प्रोजेक्टला चौथा मेंबर कोण घ्यावा?

टीई_ठाणे:
कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बीईच्या प्रोजेक्टसाठी ग्रुपची नावं पुढच्या आठवड्यात द्यायची आहेत. आम्ही तिघं ठरलोय, चौथ्यावरून अडलंय. एक मित्र वर्गातला सगळ्यात तरबेज कोडर. पण मिनी प्रोजेक्टला त्याने सगळं एकट्याने लिहिलं आणि सबमिशनच्या आदल्या रात्री आम्हाला झिप फाईल पाठवली. दुसरी एक मुलगी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. कोडिंग बरं आहे, फार वेगवान नाही. पण लॅबमध्ये तिने काढलेला ईआर डायग्राम (डेटाबेसची टेबलं एकमेकांशी कशी जोडलीत त्याची आकृती) बघून आमचीच टेबलं आम्हाला नीट कळली होती. प्रोजेक्ट हॉस्टेल मेसच्या हजेरीचा आणि बिलाचा आहे: ॲप फ्लटरमध्ये, सर्व्हर नोडवर, डेटाबेस पोस्टग्रेस. कोणाला घेऊ?

बॅकबेंचर_नाशिक:
तरबेज मित्र घे. प्रोजेक्ट चालला नाही तर बाकी गुणांना कोण विचारतं?

कोडतपासनीस_पुणे:
मी त्या मुलीला घेईन, आणि का ते सविस्तर सांगते. पुण्यात एक टीम सांभाळते, कॉलेजातून नुकत्याच आलेल्या मुलामुलींचा कोड रोज तपासते.

मी सगळ्यात आधी बघते ती एकच गोष्ट: अडल्यावर माणूस बोलतो का. "टोकन संपल्यावर ॲप लॉगिनला जात नाही, इंटरसेप्टर लावून पाहिला, ही एरर येतेय" असा मेसेज त्याच संध्याकाळी आला तर कोणीतरी दहा मिनिटांत सोडवून देतं. "होतंय, होतंय" म्हणत आठवडा काढणारा हुशार असला तरी त्याच्या मागे बाकी तिघं खोळंबतात.

दुसरं, काम लहान लहान तुकड्यांत पुढे येतं का. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी) गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन लिहिलं, ते जगभर विखुरलेल्या लोकांना एकाच कोडवर काम करता यावं म्हणून. त्या कर्नलमध्ये आजही एका पॅचमध्ये (पाठवलेल्या दुरुस्तीत) एकच बदल असावा आणि तो का केला हे सोबत लिहावं, अशी अपेक्षा असते. चाळीस फाईली एकदम ढकलल्या तर त्या कोणी वाचत नाही, आणि न वाचलेला कोड व्हायवाला (तोंडी परीक्षेला) तुम्हालाच समजावून सांगायचा असतो. एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) कोणाकडेही बोट दाखवून "हे बिल कसं काढलंत?" विचारतात. झिप फाईल मिळालेले तिघं तेव्हा काय सांगणार?

आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं की माणसं वाढली की आपसातल्या बोलण्याचा भार त्याहून झपाट्याने वाढतो. चौघांत सहा जोड्या होतात, सहा जणांत पंधरा. म्हणून जिच्या आकृतीमुळे बाकीच्यांना विषय कळतो, ती मुलगी मला फार मोलाची वाटते. तिचं काम कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांच्या) आकड्यात दिसणार नाही. ब्लॅकबुक (प्रोजेक्टचा अहवाल) लिहिताना मात्र नक्की दिसेल.

आणखी एक, याबद्दल मी फार आग्रही आहे. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाईल चुकून गिटहबवर (गिटमधला कोड ऑनलाइन ठेवायच्या साइटवर) गेली, तर चांगला सोबती लगेच ग्रुपवर सांगतो. पुढच्या कमिटमध्ये ती गुपचूप काढून भागत नाही, गिटच्या हिस्टरीत (जुन्या बदलांच्या नोंदीत) पासवर्ड राहतोच. तो बदलावाच लागतो. असं सांगणाऱ्यावर कोणी ओरडायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. ओरडलात तर पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही.

टीई_ठाणे:
पटलं ताई. पण मित्राला वाईट वाटेल. आणि तो खरंच वाईट नाहीये.

कोडतपासनीस_पुणे:
वाईट असं मी म्हणतच नाही. मिनी प्रोजेक्टला तुम्ही कामं वाटून घेतली होती का? बरेचदा कोणी काही ठरवत नाही, मग ज्याला येतं तो रात्री बसून उरकून टाकतो. त्याला सरळ विचार: "या वेळी तुझा कोड आम्ही वाचल्याशिवाय मेन ब्रांचमध्ये (सगळ्यांच्या मुख्य कोडमध्ये) जाणार नाही, चालेल?" मनापासून हो म्हणाला तर तो उत्तम मेंबर होईल. उलट रिव्ह्यूमध्ये "या फंक्शनचं नाव कळत नाही" म्हटल्यावर तो चिडणार असेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

लॅब_शिक्षक:
ताईंच्या म्हणण्याला एक जोड. नावं देण्याआधी दोघांनाही सोबत घेऊन शनिवार-रविवारी फक्त हजेरीचं एक पान बनवा. आधी एपीआयला (ॲप आणि सर्व्हरमधल्या दुव्याला) काय जाईल आणि काय परत येईल ते कागदावर लिहा, मग कामं वाटा. रविवारी संध्याकाळी ज्याने एकही ओळ लिहिली नाही अशा मित्राच्या लॅपटॉपवर रीडमी (प्रोजेक्ट कसा चालवायचा ते लिहिलेली फाईल) वाचून ते चालवायला सांगा. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. कुठे अडतंय आणि ते दुरुस्त करायला आपणहून कोण उठतं, ते बघा.