मदत हवी आहे: पावसाळ्यात तेरड्याचे हर्बेरियम नमुने (अभ्यासासाठी दाबून, वाळवून कागदावर लावलेल्या वनस्पती) कसे वाळवावेत?

आंबोली परिसरातल्या सड्यांवरच्या (कातळाच्या पठारांवरच्या) तेरड्याच्या (इम्पेशन्स) प्रजातींची नोंद करतोय. वनखात्याची परवानगी आहे. फोटो, जीपीएस, उंची, फुलाचा रंग जागेवरच टिपतो. अडतंय ते वाळवण्यात. खोड रसाळ, त्यात हवा सतत ओली. प्रेसमध्ये (वनस्पती कागदांत दाबून वाळवायच्या चौकटीत) पानं गळतात, खोड कुजतं, पाकळ्या कागदाला चिकटून फाटतात. आणि प्रजात ओळखायची ती नेमकी पाकळ्यांवरून आणि फुलामागच्या सोंडेवरून!

वर्तमानपत्रं दिवसातून दोनदा बदलली, मधे नालीदार पुठ्ठे घातले, जाड खोड उभं चिरलं. बुरशी थांबली, पानगळ नाही. ७० टक्के अल्कोहोलने भिजवलेल्या कागदात गुंडाळल्यावर पानं टिकली, पण रंग गेला. (डीएनएसाठीचं पान त्याआधीच ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये ठेवतो.) काही फुलं अल्कोहोलच्या बाटलीत आहेतच, तरी हर्बेरियमच्या शीटवर उलगडलेलं फूल हवं.

मुक्कामी वीज बेभरवशाची, त्यामुळे हीटर किंवा ओव्हन सुचवू नका. गॅस शेगडी आहे.

सुटं केलेलं फूल न चिकटता निघावं म्हणून कशावर पसरता: टिश्यू, बटर पेपर की ट्रेसिंग पेपर? आणि दाबण्याआधी फांदी उकळत्या पाण्यात बुडवल्याने तेरड्याची पानगळ खरंच थांबते का, थांबत असेल तर किती सेकंद बुडवायची?