मदत हवी आहे: ठाण्याहून एका दिवसात नाशिकच्या वायनरी, दोघांसाठी

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. मार्चच्या शेवटच्या रविवारी मी आणि नवरा वायनरी बघायला नाशिकला जायचं म्हणतोय. पहाटे निघायचं, रात्री घरी. गाडी आमची, चालवणार नवरा. सध्याचा बेत असा: सकाळी गंगापूर रोडला मिसळ, मग सुला, यॉर्क, सोमा, जमलं तर दिंडोरीला शाँदों आणि येताना इगतपुरीकडची ग्रोव्हर झाम्पा. द्राक्षांनी लगडलेल्या मांडवाखाली फोटोही हवेत.

प्रश्न:
१. एवढं एका दिवसात बसतं का?
२. मला रेड वाइन कडू लागते. काय चाखावं?
३. बाटल्या आणायच्या आहेत. उन्हाचं काय करायचं?

खरडछाटणी

आधी फोटोंचं बोलू, कारण तिथेच निराशा होईल. मार्चअखेर वाइनच्या बहुतेक बागांची तोडणी संपलेली असते. पानं पिवळट-तांबूस, घड जवळपास नाहीत. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की नुसते खुंट आणि ओलांडे, म्हणजे तारेवर आडव्या वाढवलेल्या जाड फांद्या, दिसतात. युरोपातल्या वसंतात वेलीला पालवी फुटते, तसं आपल्याकडे नाही. उष्ण हवेत वेल झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलच्या छाटणीनंतर काडी तयार होते, पावसाळ्यानंतरच्या छाटणीवर फळ येतं आणि साडेचार-पाच महिन्यांनी तोडणी. उलटं केलं तर घड पावसात सापडून कुजतील.

लगडलेली बाग हवी असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीअखेर. पायांनी द्राक्षं तुडवण्याचे कार्यक्रमही तेव्हाच असतात. बेत मार्चचाच असेल तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात या. उशिरा पिकणाऱ्या लाल जाती, म्हणजे कॅबर्ने वगैरे, तेव्हा काही ठिकाणी वेलीवर असतात आणि द्राक्षं चिरडणारा क्रशरही चालू असू शकतो.

आणि मांडव विसरा. मांडव नाहीतर वाय आकाराचा सांगाडा खायच्या द्राक्षांना. वाइनची वेल बहुतेक ठिकाणी उभ्या तारांवर, भिंतीसारखी बांधतात आणि घड गुडघा ते कंबरेच्या उंचीवर लागतात. फोटोसाठी खाली बसावं लागेल. विचारल्याशिवाय घड तोडून तोंडात टाकू नका. फवारणी कधी झाली हे बाहेरच्याला कळत नाही. शिवाय मणी बारीक, साल जाड, आत बिया. बिनबियांची थॉम्पसन खायची सवय असलेल्याला त्यात मजा नाही.

कसारा_लोकल

पाच वायनरी बसत नाहीत. दोन बसतात, तिसरी ओढूनताणून. नाशिकच्या वायनरी एका रस्त्यावर नाहीत, तीन दिशांना आहेत. सुला, यॉर्क आणि सोमा गंगापूर धरणाच्या बाजूला, शहराच्या पश्चिमेला. शाँदों दिंडोरीकडे, उत्तरेला. ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने इगतपुरी तालुक्यात संजेगावकडे, म्हणजे मुंबईहून येताना नाशिकच्या कितीतरी आधी. एका दिवशी एकच दिशा धरा.

ठाण्यावरून जाऊन-येऊन करणाऱ्यांना माझं मत संजेगावच्या बाजूने. भिवंडीजवळच्या आमण्याहून समृद्धी महामार्ग धरला तर इगतपुरीपर्यंत ७६ किलोमीटर. हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. कसारा घाटाऐवजी आठेक किलोमीटरचा बोगदा आहे. टोल वेगळा पडतो आणि दुचाकीला बंदी आहे. नाशिक शहरापर्यंत जायचं वाचल्यामुळे सकाळी सातला निघून दहाच्या आत आरामात पोचता.

गंगापूरची बाजू हवीच असेल तर साडेपाचला निघा. सुलाचं टेस्टिंग रूम २००५ पासून चालू आहे आणि रविवारी दुपारी तिथे जत्रा असते. म्हणून सुला सकाळी पहिल्या फेरीत उरका, मग यॉर्क. यॉर्क २०२१ पासून सुलाच्याच मालकीची आहे, पण जागा लहान आणि धरणाकडे तोंड करून. शाँदोंला आधी विचारल्याशिवाय जाऊ नका.

ट्रेनचा विचार असेल तर एक सावधगिरी. पंचवटी एक्स्प्रेस नाशिककरांच्या सोयीची आहे. सकाळी मुंबईकडे, संध्याकाळी परत. तुम्हाला नेमकी उलटी हवी. नाशिक रोड स्टेशनपासून गंगापूरच्या वायनरी वीसेक किलोमीटर आहेत. जाताना टॅक्सी मिळते, संध्याकाळी तिथून परतीची मिळेलच असं नाही. थांबणारी गाडीच ठरवा.

तुरटजीभ

मूळ अडचणीकडे कोणी बघितलंच नाही. "चालवणार नवरा." मग तो चाखणार नाही, की चाखून चालवणार?

हिशेब मांडते. सहा वाइनचं टेस्टिंग, प्रत्येकी ३० मिलि, म्हणजे १८० मिलि. साडेबारा टक्क्यांनी त्यात साडेबावीस मिलि अल्कोहोल, वजनात जवळपास १८ ग्रॅम. ७५ किलोच्या पुरुषाच्या रक्तात, सगळं एकदम गेलं असं धरून, १०० मिलिला ३५ मिलिग्रॅमच्या आसपास. ५५ किलोच्या बाईच्या रक्तात ६० च्या घरात. कायद्याची मर्यादा ३० आहे. शरीर तासाला साधारण १५ उतरवतं. म्हणजे एका टेस्टिंगनंतर तासाभराने नवरा कसाबसा मर्यादेच्या आत येतो आणि जेवणाबरोबर १५० मिलिचा एक ग्लास घेतला की परत वर. हे आकडे पोटात काय आहे, माणूस कसा आहे यावर बदलतात, म्हणून त्यांच्या भरवशावर स्टिअरिंग धरायचं नाही. पहिल्या गुन्ह्याला १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. घाटात काही झालं तर ते वेगळंच.

उपाय दोन. दिवसभरासाठी ड्रायव्हर ठरवा. नाहीतर एकाने थुंकायचं. टेबलावर बादलीसारखं भांडं ठेवलेलं असतं ते त्यासाठीच. नसेल तर मागा, कोणी हसत नाही. घोट तोंडात दहा सेकंद घोळवायचा, मग थुंकायचा. चव सगळी कळते. तरी थोडं जातंच, म्हणून थुंकणाऱ्यानेही एकाच वायनरीत चाखावं.

वयाचा पुरावा दोघांनीही जवळ ठेवा. वाइनला २१ वर्षांची अट आहे.

चैत्रपालवी

अरे बापरे, तो हिशेब डोळे उघडणारा आहे. ड्रायव्हर ठरवतो. दिशा संजेगावची, तारीख मार्चच्या दुसऱ्या रविवारी ओढते. पण मिसळ?

गोदाकाठ

मिसळ आधी नको. तर्रीने जीभ पोळली की पुढचा तासभर प्रत्येक वाइन नुसती जळजळते. तिखटावर अल्कोहोल जास्त टोचतं आणि रेडचा तुरटपणा दुप्पट वाटतो. उपाशीपोटीही जाऊ नका, पटकन चढते. सकाळी ऑम्लेट-पाव नाहीतर उपीट. मिसळ परतीच्या वाटेवर.

वाफाळ

+१, पण मिसळ सकाळचीच गोष्ट आहे. संध्याकाळी मिळाली तरी रस्सा उतरलेला असतो. :)

तुरटजीभ

प्रश्न दुसरा. तुम्ही ज्याला कडू म्हणताय ते बहुधा तुरट आहे. आवळा चावल्यावर किंवा कच्च्या केळ्याची साल चाटल्यावर जीभ खरखरते ना, तेच. हे टॅनिन द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं. रेडमध्ये रस सालींबरोबरच आंबवतात म्हणून तिथे भरपूर. व्हाइटमध्ये साल आधीच बाजूला काढतात म्हणून नगण्य.

तुमच्यासाठी शेनिन ब्लाँ ही व्हाइट. पेरू, अननस असा वास, किंचित गोडसर प्रकारही मिळतो. मग सोव्हिन्यों ब्लाँ, तीही व्हाइट. पहिला वास कापलेल्या सिमला मिरचीचा आणि कैरीचा, काहींना तो नकोसा वाटतो. मग रोझे, म्हणजे गुलाबी वाइन. रेड शेवटी घ्या आणि त्यातही शिराझचा फक्त एक घोट, चीजच्या तुकड्याबरोबर. चीजमधलं प्रथिन टॅनिनला धरतं, खरखर लगेच कमी होते. त्यात काळी मिरी आणि जांभूळ सापडतं का बघा.

क्रम उलटा करू नका. रेडनंतर हलकी व्हाइट पाण्यासारखी लागते. गोड डेझर्ट वाइन असेल तर सगळ्यांत शेवटी, नाहीतर पुढची प्रत्येक वाइन आंबट वाटेल.

ग्लास दांड्याला धरा, तळहाताने वाइन तापते. थंड वाइनला वास कमी येतो, तापली की अल्कोहोलच नाकात जातं. व्हाइट ८ ते १०, रेड १६ ते १८ अंश. मार्चच्या दुपारी "रूम टेम्परेचर"ची रेड ३० अंशांची असते. खुशाल बर्फाच्या बादलीत दहा मिनिटं ठेवायला सांगा. त्या दिवशी अत्तर लावू नका, दोघांनीही. शेजारच्या टेबलालासुद्धा तेच हुंगावं लागतं. दोन वाइनमध्ये पाणी प्या.

टाक्यांच्या हॉलमध्ये नेतील तेव्हा पातळ जॅकेट असू द्या. व्हाइट १२ ते १६ अंशांवर आंबवतात, आतली हवा गार असते. आंबवण चालू असेल तर कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून टाकीच्या तोंडावर वाकून हुंगायचं नाही.

खरडछाटणी

बाटल्यांचं. उन्हात उभ्या गाडीची डिकी पन्नाशी ओलांडते. दोन तासांत बूच वर सरकतं, कडेने चिकट ओघळ दिसतो आणि वाइनला आटवलेल्या जॅमसारखा वास येतो. ती मग फ्रिजमध्ये ठेवूनही परत येत नाही. म्हणून खरेदी शेवटच्या वायनरीत, निघताना. थर्मोकोलचा डबा आणि गोठवलेले जेल पॅक घरून न्या, बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा. सुटा बर्फ नको, लेबल गळून पडतं. डबा डिकीत नाही, एसीच्या हवेत मागच्या सीटखाली पायांपाशी.

वायनरीत फार स्वस्त मिळते अशी समजूत आहे, तसं नसतं. ठाण्यात दुकानात मिळतं ते तिथून ओझं करून आणू नका. तिथेच मिळणारं काय आहे ते विचारा. व्हाइट आणि रोझेच्या लेबलवर साल बघा, एक-दोन वर्षांत संपवायच्या असतात. घरी पोचल्यावर बूचवाली आडवी, फिरकीच्या झाकणाची उभी चालते. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये तीन दिवस, फसफसणारी एकच.

धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: नाशिकहून पुढे सापुताऱ्याला जाणार असाल तर बाटल्या घेऊ नका. सीमा ओलांडली की गुजरात, तिथे दारूबंदी आहे. बंद बाटलीसुद्धा गुन्ह्यात मोडते.

चैत्रपालवी

ठरलं मग. सातला निघणं, दहाला व्हॅलोने, तिथेच जेवण, अडीचला ग्रोव्हर झाम्पा, साडेचारला खरेदी करून परत.

कसारा_लोकल

छान. दोन्हीकडे आठवडाभर आधी फोन करून वेळ पक्की करा आणि जेवण किती वाजेपर्यंत देतात तेही विचारा. फोनवरच "त्या दिवशी ड्राय डे नाही ना" हेही विचारा. मतदान असेल तर ते संपायच्या आधीचे ४८ तास सगळं बंद असतं. साडेचारपेक्षा उशीर करू नका. रविवारी संध्याकाळी भिवंडी ते माजिवडा या टप्प्यात अडकलात तर समृद्धीवर वाचवलेला वेळ तिथेच जातो.