विनानंबर स्कूटरचा विमा कोणी देतं का?

ए-३०१: नमस्कार, सकाळी सकाळी त्रास देतेय पण कालपासून डोक्याला शांतता नाही. कमिटीची नोटीस वाचली, महिनाअखेरपर्यंत प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीच्या पॉलिसीची कॉपी ऑफिसात द्या नाहीतर चार्जिंग बंद. आमच्या स्कूटरला नंबरच नाही हो, पाच ठिकाणी फोन केले, ऑनलाइन फॉर्म उघडला की पहिलाच रकाना नोंदणी क्रमांक आणि तो भरल्याशिवाय पुढे जातच नाही. आणू कुठून पॉलिसी? कोणाला मिळाली असेल तर प्लीज सांगा

सेक्रेटरी: ताई, नोटीस सर्वानुमते निघाली आहे. गेल्या महिन्यात जे झाले त्यानंतर कमिटी डोळेझाक करू शकत नाही. कृपया सहकार्य करावे.

बी-१०२: "जे झाले" म्हणजे माझी आई गेटपाशी पडली आणि मनगट मोडलं. तसं लिहा की सरळ

ए-५०४: कॉमन मीटरवरचं चार्जिंग आधी बंद करा. विमा नंतर बघू. तुमच्या गाड्यांचं लाइट बिल आम्ही का भरायचं?

सी-४०१: आला, काकांचा मुद्दा क्रमांक एक आला. आता दिवस सुरू झाला

ए-५०४: तुमची दुसरी गाडी व्हिजिटर पार्किंगमध्ये किती महिने पाहुणी आहे ते सांगा आधी

सी-४०१: काका ती भावाची आहे, दहा वेळा सांगितलंय

ए-२०२: भावाला कधी बघितलं नाही पण

ए-३०१: विषय भरकटवू नका ना, हात जोडते. मला गाडीचा विमा नकोच आहे, गाडी चोरीला गेली, मोडली, आमचं आम्ही बघू. मला भीती समोरच्याची आहे. आजींचा दवाखाना आम्ही भरला, भरायलाच हवा होता, पण उद्या याहून मोठं काही झालं, कोणी कायमचं जायबंदी झालं तर आमच्यासारख्यांनी कुठून आणायचे पैसे आणि त्या माणसाने तरी काय करायचं

बी-१०२: प्रश्न पैशाचा नव्हता वहिनी. मुलगा एकदाही आला नाही आईला भेटायला

ए-३०१: दादा मी दोनदा आले होते. तो घाबरलाय, समोर यायची हिंमत होत नाही त्याची. चुकलंच ते

सी-२०३: ताई, मी बरीच वर्षं क्लेमच्या कामात काढली म्हणून सांगतो. मोटर पॉलिसी मोटर वाहनाला मिळते आणि कायद्याच्या नजरेत ही बिननंबरची स्कूटर मोटर वाहन नाहीच. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला की नोंदणी नाही, लायसन्स नाही, म्हणून थर्ड पार्टीची, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याची, सक्तीही नाही. तुम्हाला हवंय ते गाडीचं नाही, दायित्वाचं कव्हर, म्हणजे तुमच्या घरातल्या माणसाच्या हातून तिसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई. घराच्या पॉलिसीला जोडून असं कलम काही ठिकाणी मिळतं पण त्याच कलमाच्या खाली बारीक अक्षरात बहुतेक वेळा असतं "मोटरवर चालणारे वाहन वगळून", आणि गंमत अशी की सक्तीच्या विम्यासाठी जी गाडी मोटर वाहन नव्हती ती इथे मोटरची म्हणून बाहेर काढली जाऊ शकते. म्हणून एजंट तोंडी हो म्हणाला तरी थांबू नका. मॉडेल, मोटरचे वॅट, कमाल वेग, तिन्ही ईमेलमध्ये लिहा आणि विचारा हे वगळलेल्यात येतं का. उत्तर लेखी घ्या. क्लेमच्या दिवशी तोच कागद कामाला येतो

ए-३०१: हे कोणीच सांगितलं नव्हतं. खूप आभार

बी-५०२: माझी मुलगी जर्मनीत आहे, तिथे उभं राहून चालवायच्या त्या ई-स्कूटरना २०१९ मध्ये परवानगी मिळाली, वेग २० च्या वर नाही आणि मागे विम्याचा स्टिकर लावल्याशिवाय रस्त्यावर आणताच येत नाही. दरवर्षी १ मार्चपासून नवा स्टिकर, रंगही बदलतो, लांबूनच कळतं कोणाचा संपलाय. किती सोपं आहे बघा

सी-४०१: काकू आमच्याकडे व्हिजिटर पार्किंगचा स्टिकर चार वर्षं तोच आहे

ए-२०२: तुझा तरी आहे

सी-२०३: काकू बरोबर, पण २५० वॅटच्या पेडल मारायच्या ई-सायकलला तिथेही सक्ती नाही, फक्त लोक स्वतःहून दायित्वाचा विमा घेतात

ए-५०४: जर्मनीत कॉमन मीटरवर चार्जिंग चालतं का ते विचारा मुलीला

ए-२०२: दादा जरा माझं पण. आमची नंबरवाली आहे, रिन्यू करायचीय, बॅटरी कव्हर होते का?

सी-२०३: अपघातात, आगीत, चोरीत होते. वापरून क्षमता कमी झाली तर कधीच नाही. झीज कापून न घेणारा झिरो डेप घेतला तरी त्यात बॅटरी धरलीय का ते वेगळं वाचा, सगळ्यात महाग भाग तोच आहे. भाड्याची बॅटरी असेल तर ती तुमच्या विमा रकमेत नसते, तिचा करार काढून बघा. पुढचं संध्याकाळी

सी-२०३: ए-३०१ ताई, एक विचारतो, राग मानू नका. स्कूटर खरंच २५ च्या आत चालते ना? कारण मेन रोडला ती माझ्या मोटरसायकलच्या बरोबरीने येताना मी पाहिलीय

ए-३०१: घेताना तर तेच सांगितलं होतं, नंबर नको लायसन्स नको. मुलाला विचारते

सी-४०१: हा मेसेज डिलीट केला आहे

ए-५०४: वाचला मी

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर वैयक्तिक टिप्पणी टाळावी.

ए-३०१: विचारलं. विकणाऱ्याने घेतानाच वेगाचं लॉक काढून दिलं होतं. ४५ पर्यंत जाते म्हणतोय. मला आज कळतंय हे. आई म्हणून मला माहीत असायला हवं होतं

बी-१०२: म्हणजे त्या दिवशी गेटमधून तो ४५ ने येणाऱ्या गाडीवर होता?

ए-३०१: वेग किती होता ते तो सांगू शकत नाही म्हणतोय. मी खोटं बोलणार नाही दादा, मला माहीत नाही

बी-१०२: ठीक आहे. बोलू नंतर

सी-२०३: ताई मग वर सांगितलेलं सगळं थांबवा. लॉक काढलं त्या क्षणी ती नोंदणी लागणारी गाडी झाली, बिननंबर, बिनविमा, आणि चालवणाऱ्याला लायसन्सही हवं. आता घराच्या पॉलिसीत दायित्वाचं कलम घेऊन २५ ची म्हणून लिहून दिलं तर क्लेमच्या वेळी गाडी तपासतात, मोटरचा वेग ठरवणारा कंट्रोलर उघडला की कळतं, आणि खोटी माहिती म्हणून क्लेम नाकारतात. लॉक परत बसवून घ्या, तसं पावतीवर लिहून घ्या, तोपर्यंत कोणीही चालवू नका, आवारातसुद्धा. नाहीतर सरळ नंबरची गाडी घ्या, तिला थर्ड पार्टी आपोआप लागेल आणि तुमची खरी काळजी तिथे मिटेल

सेक्रेटरी: याच कारणासाठी कमिटीने नोटीस काढली होती.

सी-२०३: साहेब, नोटीस कागद मागते, वेग विचारत नाही. आणि खाली चार्जिंगचे पॉइंट बसवले ते आपल्या इमारतीच्या विमा कंपनीला कळवलेत का? जोखीम बदलली की कळवावं लागतं. जिन्याखालचा तो एक्स्टेन्शन बोर्ड तर आधी काढा, बाहेर पडायच्या वाटेवर लिथियमची बॅटरी पेटली तर वरचे सगळे अडकतील

सेक्रेटरी: तपासून सांगतो.

खजिनदार: मी मार्चमध्येच म्हणालो होतो. मिनिट्समध्ये आहे

सेक्रेटरी: मिनिट्सवर आपलीही सही आहे साहेब.

बी-५०२: झालं, आता हे दोघं

ए-३०१: किल्ली माझ्या कपाटात ठेवलीय. शनिवारी लॉक बसवून आणते, टेम्पोतून नेणार, चालवत नाही. मग ईमेल पाठवते, जे काय लेखी उत्तर येईल ते इथे टाकते. सी विंगमध्ये अशा आणखी तीन आहेत, त्यांनीही घरी विचारून बघा, मुलं आपणहून सांगत नाहीत

बी-१०२: वहिनी, मुलाला संध्याकाळी पाठवा. आई विचारत होती त्याला. मी ओरडणार नाही

ए-३०१: पाठवते दादा. मी पण येते

सेक्रेटरी: बिननंबर गाड्यांची मुदत कमिटी पुन्हा ठरवेल, तोपर्यंत त्यांचे चार्जिंग बंद. मीटर आणि वायरिंगचा विषय रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ.

ए-५०४: कुठल्या रविवारच्या?