ला स्पेझियाहून चिंक्वे तेर्रे: जहाज कंपनीची सहल घ्यावी का?

प्रश्न: आमचे पर्यटन जहाज इटलीतील ला स्पेझिया बंदरात सकाळी आठ ते सायंकाळी सहा थांबणार आहे. जहाज कंपनीची महागडी सहल न घेता, सत्तरीच्या आईंसह जवळच्या चिंक्वे तेर्रे या किनाऱ्यावरची पाचही गावे पाहता येतील का?

उत्तर: पाचांचा हट्ट सोडावा. ला स्पेझिया चेंत्राले स्थानकावरून सुटणारी लोकल बहुतांशी बोगद्यांतूनच धावत दहाएक मिनिटांत पाचांपैकी पहिल्या गावाला, रिओमाज्जोरेला पोहोचते. दिवसभर चढ-उतार करता येणारे ट्रेन कार्ड घेतल्यास प्रत्येक वेळी तिकिटाची रांग टळते. कोर्निल्या हे गाव मात्र कड्यावर वसले असून स्थानकापासून वर जायला सुमारे ३८० पायऱ्या आहेत. छोटी बस असते, पण तीही खच्चून भरते. आईंसाठी वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही दोन गावे पुरेत. मोंतेरोस्सोचा किनारा सपाट आहे, आणि तिथली ताजी आंचोवी मासळी लिंबू पिळून अवश्य खावी.

दुसरे उत्तर: समुद्रातून गावे अधिक देखणी दिसतात, हे खरे, परंतु गावांना जाणाऱ्या प्रवासी बोटीवर अरुंद फळीवरून चढावे लागते आणि समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. त्यामुळे जाताना बोट चालेल, परतताना रेल्वेच धरावी, कारण स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशांसाठी जहाज थांबत नाही.